जळक्या ऑइलची गाडी दुधाच्या गाडीसारखी दारात येऊ द्या : प्रदूषण नियंत्रण मंडळाला एका गॅरेजवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
आणि राज्याचा पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी कोल्हापुरात गेली 22 वर्षं गॅरेज चालवतो. टू-व्हीलर जास्त, त्यात महिन्याला दहा-बारा फोर-व्हीलर. हे पत्र माझ्या गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यातल्या एका निळ्या बॅरलबद्दल आहे. 200 लिटरचं बॅरल, वर नरसाळं लावलेलं. गाडी सर्व्हिसिंगला आली की ड्रेन नट खोलायचा, खाली ट्रे धरायचा, काळं गरम ऑइल धारेनं पडतं, मोटरसायकलचं साधारण लिटरभर, कारचं तीन-चार लिटर, आणि पोरगं तो ट्रे उचलून नरसाळ्यात ओततं. माझ्याकडं पाच-सहा आठवड्यात बॅरल भरतं. आमच्याच पट्ट्यात अशी 16 गॅरेज आहेत, म्हणजे 16 बॅरल, पुढं उद्यमनगर, शिरोळी नाक्याकडचे ट्रकवाले, गोकुळ शिरगावकडं जाताना रस्त्याला लागणारी वेगळीच. आणि हा फक्त एका शहराचा हिशोब झाला.

या बॅरलचं पुढं काय होतं हे विचारायला 22 वर्षांत माझ्या दारात फक्त एकच माणूस नेमानं आलाय, तो म्हणजे टेम्पोवाला. त्याच्याबद्दल सांगतोच, पण आधी 2019 चं सांगायला पाहिजे, कारण हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

ऑगस्ट 2019 चा महापूर तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. माझं गॅरेज जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. रात्री पाणी चढायला लागलं तसं आम्ही चौघं मिळून गिऱ्हाईकांच्या गाड्या वरच्या रस्त्याला ढकलत नेल्या, मग कॉम्प्रेसर, मग टूलच्या पेट्या, आणि बॅरल मात्र तसंच राहिलं कारण भरलेलं बॅरल पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं आणि गुडघाभर पाण्यात ते हलवणं जमलंच नाही. मी बूच घट्ट केलं आणि निघालो. नरसाळ्यासाठी मोठं भोक पाडलेलं होतं त्याला बूच नव्हतंच, तिथं एक कापड कोंबलं.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर बॅरल आडवं पडलेलं, रिकामं. आणि चारी भिंतींना, साधारण माझ्या छातीच्या उंचीला, एक काळी रेघ. वीतभर रुंद, तेलकट, अगदी दोरी लावून मारल्यासारखी सरळ. बाहेर आलो तर तीच रेघ शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला, पलीकडच्या घराला, त्यांच्या तुळशीच्या कट्ट्याला. माझ्या गॅरेजला चुन्याचे दोन हात मारले, वर डिस्टेंपर मारला, तरी पावसाळ्यात ओल आली की ती रेघ अजून वर येते. त्या आठवड्यात आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाचं अर्धं बॅरल धरलं तरी 1600 लिटर जळकं ऑइल पाण्यात गेलं. नाल्यातनं पंचगंगेत, पंचगंगेतनं इचलकरंजीकडं, मग शिरोळ, आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. 2021 ला परत पूर आला तेव्हा मी शहाणा झालो होतो, बॅरल आधीच रिकामं केलं होतं. कुणाला देऊन रिकामं केलं? टेम्पोवाल्याला. दुसरा होताच कोण.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं एक वाक्य माझ्या मुलीनं मला वाचून दाखवलं, एका गाडीच्या एका ऑइल चेंजमधनं निघालेलं तेल दहा लाख गॅलन गोड्या पाण्याची नासाडी करू शकतं, म्हणजे 50 माणसांना वर्षभर पुरेल एवढं पाणी. ते ऐकल्यावर मी त्या रेघेकडं बघत बसलो. आपण एका गाडीचं म्हणतोय. तिथं 16 बॅरल होती.

मुलगी सी.ए.च्या ऑफिसात काम करते, तिलाच बसवून मी नियम समजून घेतले, कारण मला जे मिळालं ते सगळं इंग्रजीत होतं. (ही पहिली मागणी इथंच लिहून टाकतो, हे नियम ज्याच्या हाताला तेल लागतं त्याच्यासाठी चार पानी मराठीत छापा, चित्रांसकट.) तर मला समजलं ते असं. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमात वापरलेलं तेल हे पहिल्या परिशिष्टात 5.1 नंबरला आहे. म्हणजे माझं निळं बॅरल हा कायद्यानं घातक कचरा आणि मी तो निर्माण करणारा. मग मला ऑथोरायझेशन, म्हणजे मंडळाची परवानगी पाहिजे, त्याचा फॉर्म 1. रजिस्टर ठेवायचं, तो फॉर्म 3. दरवर्षी 30 जूनच्या आत रिटर्न, तो फॉर्म 4. बॅरलला लेबल, तो फॉर्म 8. आणि माल बाहेर पाठवताना मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद, फॉर्म 10, त्याच्या सात कॉप्या सात रंगाच्या, पांढरी पिवळी गुलाबी केशरी हिरवी निळी करडी, कुठली मंडळाला, कुठली माझ्याकडं, कुठली ड्रायव्हरकडं. माल ठेवायची मुदत साधारण 90 दिवस, वर्षाला दहा टनांपर्यंत निघणाऱ्या छोट्यांना मंडळ ती 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, हे चांगलं आहे. आणि तेल फक्त परवानाधारक रिसायकलरलाच, म्हणजे जळकं तेल परत शुद्ध करणाऱ्यालाच द्यायचं.

हे नियम चुकीचे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. कारखान्यातनं महिन्याला टँकर भरून हायड्रॉलिक ऑइल निघतं तिथं हे सगळं पाहिजेच. घातक माल रस्त्यावरनं जातोय तर तो कुठनं निघाला नि कुठं पोचला याचा कागद पाहिजेच. माझं म्हणणं एवढंच की दीडशे लिटरवाल्याला आणि पंधरा हजार लिटरवाल्याला एकच माप लावलं की दीडशेवाला कागदाच्या बाहेरच राहतो, आणि आज राज्यात गल्लीबोळात असलेली बहुतेक गॅरेज बाहेरच आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. मुलीनं दोन परवानाधारक रिसायकलरचे नंबर शोधले, मी फोन केले. दोघंही नीट बोलले. एकानं सांगितलं हजार लिटरच्या खाली गाडी पाठवणं परवडत नाही. दुसरा म्हणाला तुम्ही आणून पोचवा. आता मी घातक कचरा माझ्या पिकअपमधनं दीडशे किलोमीटर घेऊन जाणार कसा, त्याला परत वेगळी परवानगी, ड्रायव्हरजवळ अपघाताच्या वेळच्या सूचनांचं कार्ड, गाडीवर खुणा. फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात टेम्पोवाला आला.

आता टेम्पोवाल्याचं सांगतो. तीन चाकी टेम्पो, मागं 35 लिटरचे कॅन, एक हातपंप. तो येतो, बॅरलच्या तळातनं थोडं ऑइल काढतो आणि गरम सायलेंसरवर चार थेंब टाकतो. तडतड वाजलं तर पाणी मिसळलंय, भाव कमी. नुसता धूर आला तर माल चांगला. मग कॅनानं मोजून रोख पैसे, आणि तो गेला. पावती नाही, नाव नाही. पण माणूस वेळेवर येतो, गोड बोलतो, पोराला चहाला दहा रुपये देतो, आणि रिसायकलरपेक्षा लिटरमागं दोन-चार रुपये जास्तच देतो. त्याला जास्त देणं परवडतं याचं कारण काय तर त्याच्याकडनं पुढं जे घेतात त्यांना फिल्टरचा, कागदाचा, चिमणीचा कसलाच खर्च नाही.

ते जातं कुठं हे मी डोळ्यानं बघितलंय. बांधकामावर सेंटरिंगच्या प्लेटांना हेच ऑइल फासतात, काँक्रीट चिकटू नये म्हणून, त्यासाठी बाजारात वेगळं शटरिंग ऑइल मिळतं पण हे स्वस्त पडतं. मग प्लेटा धुतल्या की ते जमिनीत. कुणाच्या भट्टीत जळण म्हणून जातं आणि त्यातलं शिसं आणि बाकीचे धातू धुरातनं बाहेर. काही जण ॲसिड आणि माती वापरून त्याचा रंग उतरवतात, मागं ॲसिडचा काळा चिखल उरतो तो कुठंतरी रात्री ओतला जातो, आणि ते "साफ" केलेलं ऑइल रिकाम्या ब्रँडेड कॅनमध्ये भरून परत आमच्यासारख्याच्याच दुकानात येतं. म्हणून मी ऑइलचा कॅन रिकामा झाला की ड्रिलनं तीन भोकं पाडल्याशिवाय भंगारात टाकत नाही, पोरांना पण तीच सवय लावली. ॲसिडची ती पद्धत कधीच बंद व्हायला पाहिजे होती, नियमाप्रमाणं व्हॅक्यूम डिस्टिलेशनसारख्या (बंद टाकीतली हवा खेचून तेल उकळायचं) पद्धतीनंच तेल परत शुद्ध करायचं आहे, हे मला वाचून कळलं, पण जोपर्यंत माल रोखीनं आणि विनापावती मिळतोय तोपर्यंत ती भट्टी बंद होणार नाही.

आणि थोडं तर गावाकडं जातं. गिऱ्हाईक मागून नेतात, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, कुंपणाच्या खांबाला. माझ्या चुलत्यानं एकदा म्हशीला गोचीड झाले म्हणून अंगभर जळकं ऑइल चोळलं होतं. म्हैस अंग चाटत होती. तिचं दूध त्याच संध्याकाळी गावच्या दूध संस्थेत गेलं. त्यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती, त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की जळलेल्या ऑइलमध्ये इंजिनचे धातू उतरलेले असतात आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची कॅन्सर करणारी रसायनं असतात. मलाही कुठं माहीत होतं, मी वीस वर्षं उघड्या हातानं नट खोलले. आता ग्लोव्हज घालतो आणि पोरांना घालायला लावतो, ऐकत नाहीत तरी लावतो.

दुधाचा विषय निघालाच आहे तर मुद्द्यावर येतो.

आमच्या जिल्ह्यात दुधाचं काय चालतं बघा. म्हशी कुणाच्या दोन, कुणाची एक. सकाळी किटली घेऊन बाई संस्थेत जाते, लिटर मोजतात, फॅट लागते, हातात स्लिप येते, संध्याकाळी परत तेच. गाडी ठरलेल्या वेळेला येते, पाऊस असो नाहीतर यात्रा असो. दहा दिवसांनी बिल जमा. दोन लिटरवाल्याला कुणी म्हणत नाही की हजार लिटर झाल्यावर ये नाहीतर स्वतः डेअरीत आणून पोचव. नासकं दूध निघालं तर तिथंच कळतं कुणाचं आहे. एवढा नाशवंत माल, एवढी छोटी छोटी घरं, आणि तो गोळा होतो, याचं कारण गोळा करणं हे दूध संघाचं काम आहे, बाईचं नाही.

जळक्या ऑइलचं तसंच करता येईल, आणि ते नासत पण नाही. महिन्यातनं एक फेरी पुरते. ठरलेल्या तारखेला परवानाधारक टाकीची गाडी आमच्या गल्लीत येऊ दे, मीटरनं लिटर मोजू दे, पाण्याची टेस्ट तिथंच आमच्यासमोर होऊ दे, एक स्लिप आमच्या हातात आणि तीच मोबाइलवर. सात रंगाच्या कॉप्या त्या गाडीच्या मालकानं भराव्यात, 16 गॅरेजची मिळून एकच. मी माझ्या स्लिपा वर्षभर जपून ठेवीन, तोच माझा रिटर्न समजा.

यासाठी नवीन कायदा करायला नको, दार अर्धं उघडलेलंच आहे. केंद्रानं 18 सप्टेंबर 2023 ला वापरलेल्या तेलासाठी उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम काढले, ईपीआर म्हणतात ते, आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. नवं ऑइल विकणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या विक्रीच्या प्रमाणात वापरलेलं तेल रिसायकल झाल्याचं दाखवायचं आहे, सुरुवात 5 टक्क्यांपासून आणि वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत. रिसायकलरनं तेल शुद्ध केलं की पोर्टलवर सर्टिफिकेट तयार होतं आणि कंपनी ते विकत घेते. या साखळीत नोंदणी कुणाची? कंपनी, आयात करणारा, रिसायकलर, आणि कलेक्शन एजंट, म्हणजे तेल गोळा करणारा. हा शेवटचा शब्द माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. कंपनी मुंबईत बसलीय, रिसायकलर एमआयडीसीत बसलाय, आणि तेल माझ्या ट्रेमध्ये पडतंय, मधला सगळा रस्ता कलेक्शन एजंटचा आहे आणि तो रस्ता आज टेम्पोवाला चालवतो. 50 टक्क्यांचं टार्गेट त्या टेम्पोला वगळून कसं गाठणार? सर्टिफिकेटचा पैसा तयार होतोय तो वरच्या वरच फिरत राहिला आणि त्यातले दोन-चार रुपये लिटरमागं माझ्या स्लिपवर आले नाहीत, तर काळ्या बाजाराचा भाव कायम माझ्या भावापेक्षा चढा राहणार, आणि सगळेच गॅरेजवाले माझ्यासारखे भिंतीवरची रेघ बघत बसलेले नाहीत.

कॅलिफोर्नियात तर घरी स्वतः ऑइल बदलणारा माणूस सुद्धा सर्टिफाइड सेंटरला तेल नेऊन दिलं तर गॅलनला 40 सेंट मागू शकतो. तिथं पैसा अगदी शेवटच्या माणसापर्यंत पोचवला, मग माणूस कॅन उचलून सेंटरपर्यंत जातो.

आणि कृपा करून त्या टेम्पोवाल्याला चोर ठरवून उचलू नका. पहिला छापा त्याच्यावरच पडेल याची मला भीती आहे, कारण तो सापडायला सोपा आहे. 2016 च्या नियमातच राज्य सरकारची जबाबदारी लिहिली आहे, उद्योग खात्यानं रिसायकलिंगसाठी शेड आणि जागा राखून ठेवायची, कामगार खात्यानं या कामातल्या लोकांची ओळख पटवून नोंदणी करायची, त्यांचे गट करायला मदत करायची, ट्रेनिंग द्यायचं, दरवर्षी त्यांची तब्येत आणि सुरक्षा तपासायची. हे कागदावर आहे, सुंदर आहे. मग आमच्याकडं येणाऱ्या टेम्पोवाल्याला, त्याच्यासारख्या जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस जणांना एकत्र बोलवा, नोंदणी करून द्या, टाकी बसवायला कर्ज मिळवून द्या. त्याला प्रत्येक गल्ली माहीत आहे, कुणाचं बॅरल कधी भरतं हे त्याला माझ्या आधी कळतं. असा माणूस तुम्ही पगार देऊन तयार करू शकणार नाही.

गॅरेजवाल्यांच्या संघटनेला कलेक्शन एजंट व्हायचं असेल तर तोही रस्ता सोपा करा. दंडाचं म्हणाल तर पर्यावरण संरक्षण कायदा बदलून जेल काढली आणि दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत केला हे मी वाचलं. ज्यानं ॲसिडचा चिखल ओढ्यात ओतला त्याला 15 लाख लावा, मी टाळ्या वाजवीन. पण द्यायला जागाच नाही अशा मिस्त्रीला आधी जागा द्या, सहा महिने गाडी फिरवून दाखवा, आणि मग ज्याची स्लिप नाही त्याला नोटीस काढा, तेव्हा आमच्यातला कुणी तोंड वर करून बोलणार नाही.

आमच्या बाजूनं काय करायचं ते पण लिहितो, नुसतं मागून चालत नाही. ऑइलमध्ये कूलंट, ब्रेक ऑइल, पार्ट धुतलेलं रॉकेल मिसळायचं नाही, त्यानं सगळं बॅरल वाया जातं आणि रिसायकलर घेत नाही, शिशाची मर्यादा 100 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात 100 भाग आहे आणि ती एका हलगर्जी माणसामुळं सगळ्या टाकीची ओलांडू शकते. जुने फिल्टर उलटे टांगून रात्रभर निथळू द्यायचे, एका फिल्टरमधनं बऱ्यापैकी ऑइल निघतं. तेलकट चिंध्या आणि भुसा चुलीत घालायचा नाही, त्याची वेगळी पिशवी, तोही घातक कचराच आहे. बॅरल ट्रेमध्ये उभं करायचं, म्हणजे गळलं तर फरशीवर जात नाही. हे मी माझ्याकडं चालू केलंय, शेजारच्या दोघांनी बघून केलं, बाकीच्यांना मी सांगतोय. बांधकामवाल्यांचं मात्र आमच्या हातात नाही, तिथं सरकारी कामाच्या टेंडरमध्येच एक ओळ घाला की सेंटरिंगला जळकं ऑइल चालणार नाही, बिल काढताना साइट इंजिनिअरनं ते बघायचं.

एक शेवटची आणि सगळ्यात घाईची गोष्ट. पूररेषेच्या आत जेवढी गॅरेज, सर्व्हिस सेंटर आणि वर्कशॉप आहेत, कोल्हापूर असो, सांगली असो, चिपळूण असो, त्यांची बॅरल दरवर्षी 31 मे च्या आत एकदा सक्तीनं रिकामी करून घ्या. नालेसफाई जशी पावसाच्या आधी करता तशीच ही फेरी लावा. पालिकेकडं पूररेषेचे नकाशे आहेत, गॅरेजची यादी आम्ही देतो. ईपीआर, पोर्टल, सर्टिफिकेट हे सगळं मार्गी लागायला दोन-तीन वर्षं लागतील हे मला समजतं, पण ही एक फेरी यंदाच होऊ शकते, एक टँकर, दोन माणसं, आमच्या पट्ट्याला फार तर एक दिवस.

16 जणांपैकी 13 जणांनी मला सांगितलंय की पावती मिळत असेल तर लिटरमागं रुपया-दोन रुपये कमी आले तरी चालेल. राहिलेल्या तिघांशी मी बोलतोय. 13 जणांच्या सह्यांचा कागद या पत्राबरोबर टपालानं वेगळा पाठवला आहे, त्यात प्रत्येकाचं बॅरल कुठं ठेवलंय आणि आज किती भरलंय ते लिहिलं आहे. माझं निम्म्याच्या थोडं वर आहे. गाडी कधी येणार ती तारीख कळवा, त्या दिवशी मी शटर सकाळी सातलाच उघडतो.

आपला,
एक गॅरेजवाला, कोल्हापूर